हयातीचा दाखला

नोव्हेंबरचा महिना लागला, की आमच्या गावातील एक वृद्ध निवृत्त नाईक, ज्यांना लहानथोर सारेच आबा म्हणतात, पेन्शनचे कागद, आधारकार्ड आणि कडा झिजलेले डिस्चार्ज बुक कापडी पिशवीत घालून सकाळच्या पहिल्या एस. टी.ने तालुक्याच्या गावी जातात आणि आपण अद्याप जिवंत आहोत, हे सरकारास सिद्ध करून देतात. १९७१ च्या डिसेंबरात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ज्या पहिल्या बटालियनला सारी फौज जंगी पलटण म्हणून ओळखते, तिच्यातील एक कोवळा शिपाई म्हणून ते आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या दक्षिणेस रस्ता अडवून बसले होते, आणि रात्रीच्या काळोखात वेढा फोडून निघालेली शत्रूची पलटण त्यांच्या मोर्चावर चालून आली तेव्हा जागचे हलले नव्हते. गेल्या वर्षी मी त्यांच्यासोबत गेलो होतो. ठशाच्या यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला. यंत्राने तो ओळखला नाही. मग तर्जनी ठेवली, मग मधले बोट, मग डावा हात. फौजेतून परतल्यावर चाळीस वर्षे खुरपे आणि कासरा धरून त्या बोटांवरच्या रेषा अशा पुसट झाल्या होत्या, की यंत्राच्या काचेला तेथे काही वाचण्याजोगे उरलेच नव्हते. खिडकीमागील तरुण कर्मचारी अदबीने पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आबा, बोट पुसून परत ठेवा." पाचव्या खेपेस आबांनी हात मागे घेतला, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "साहेब, मी तुमच्याम्होरं उभा हाय की."

त्या कर्मचाऱ्याचा यात काही दोष नव्हता. सार्वजनिक तिजोरीतील पैसा मृताच्या नावे जाऊ नये, यासाठी वर्षातून एकदा हयातीची रुजुवात व्हावी, हा नियम न्याय्यच आहे, आणि तो केवळ सैनिकास नव्हे, प्रत्येक निवृत्तिवेतनधारकास लागू आहे. परंतु घरी परतताना एक विचार माझ्या मनातून जाईना. शासन सैनिकाकडून दरसाल त्याच्या हयातीचा दाखला घेते. मग ज्या राष्ट्राच्या आज्ञेवरून हा मनुष्य विसाव्या वर्षी मृत्यूच्या समोर जाऊन बसला, त्या राष्ट्राच्या स्मरणशक्तीची हयाती त्याला कोणी आणि केव्हा दाखवावयाची? माजी सैनिकांच्या सन्मानासाठी एखादा राष्ट्रीय दिवस असावा की नसावा, आणि असल्यास तो कसा असावा, या प्रश्नाकडे मी या बाजूने पाहतो. असा दिवस म्हणजे राष्ट्राने आपल्या सैनिकापुढे हजर होऊन स्वतःच्या स्मृतीचा दाखला देण्याचा दिवस होय, आणि त्या कसोटीस जे उतरत नाही, ते कितीही भव्य असले तरी सन्मान या नावास पात्र नाही.

दिवसांची आपल्याकडे वाण नाही. १५ जानेवारी हा सेनादिन, कारण १९४९ साली त्या दिवशी जनरल करिअप्पांनी पहिले भारतीय सरसेनापती म्हणून सूत्रे हाती घेतली. २६ जुलै हा कारगिल विजयाचा. १६ डिसेंबर हा बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामातील विजयाचा. आणि ७ डिसेंबर हा १९४९ सालापासून ध्वजदिन. या प्रत्येकाचे प्रयोजन योग्य आहे. पण सेनादिन हा चालू फौजेचा आहे, विजयदिन विजयाचा आहे, आणि ध्वजदिन निधिसंकलनाचा. लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा तो कागदी ध्वज शाळेच्या सदऱ्यावर टाचणीने लावल्याचे आणि गुरुजींच्या टेबलावरील पत्र्याच्या डब्यात नाणे टाकल्याचे माझ्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. त्या नाण्यांतून सैनिकांच्या विधवांना आणि मुलांना साहाय्य मिळाले, हे मोलाचेच आहे. तथापि ज्याने सेवा केली आणि जो जिवंत परतला, त्याचा असा दिवस २०१६ पर्यंत आपल्या पंचांगात नव्हता. त्या वर्षापासून १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो, कारण १९५३ साली याच तारखेला करिअप्पा सेवानिवृत्त झाले. ज्या देशातील पहिल्या सरसेनापतीच्या पदग्रहणाचा दिवस फौजेला आणि निवृत्तीचा दिवस फौजेतून परतलेल्यांना वाहिला गेला, त्या देशात ही योजना करणाऱ्याच्या मनात खचित काही औचित्याचा विचार होता. पण महाराष्ट्रातील शंभर माणसांना १४ जानेवारीचे महत्त्व विचारा. संक्रांत सर्वांना ठाऊक असेल, आणि माजी सैनिक दिन ठाऊक असलेला मनुष्य बहुधा स्वतः माजी सैनिकच असेल.

स्मरण ही गोष्ट आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या मुलखातील जुन्या देवळांच्या आवारात, बहुतेक पिंपळाच्या पारापाशी, गुडघ्याएवढ्या किंवा कमरेएवढ्या उंचीचे जे कोरीव दगड उभे दिसतात, ते वीरगळ. खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. तिच्यावर त्याची लढाई, कोठे घोडा, कोठे ढाल-तलवार, कोठे पळविल्या जाणाऱ्या गाई. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेत असतात. आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, माथ्यावर कलश आणि दोन अंगांस चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती चंद्रसूर्य असेतो टिको. बोरिवलीनजीक एक्सरच्या वीरगळांवर तर गलबतांच्या रांगा आणि वल्ही मारणारे खलाशी कोरलेले आहेत; समुद्रावर लढून मेलेल्यांचेही दगड आपण उभे केले. या शिल्पांतील आशय उदात्त आहे, यात शंका नाही. पण कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतात, नाव-गाव-तिथी असते. आपल्याकडील बहुतेक मुके आहेत. कोण पडला, कोणत्या गाईंसाठी, कोणाविरुद्ध, हे दगड सांगत नाही. शतकानुशतके लोक त्यांस शेंदूर लावीत आले, तेल वाहत आले, मुलाच्या जावळाला तेथे नारळ फोडीत आले, आणि कधी तरी असा दिवस उजाडला की वीराचा देव झाला आणि मनुष्य नाहीसा झाला. आज आपण सैनिकाला जी विशेषणे बहाल करतो, ती ऐकताना मला या शेंदराची आठवण होते. पूजेने मनुष्य झाकला जातो; आणि जो झाकला गेला, त्याची दाद-फिर्याद ऐकण्याची जबाबदारी मग कोणावरच उरत नाही.

याच भूमीतील दुसरी परंपरा दगडाची नाही, दप्तराची आहे, आणि ती मला अधिक प्रिय आहे. प्रतापगडचे युद्ध झाल्यावर शिवाजी महाराजांनी काय केले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदविले आहे. जे लोक लढाईत पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालविले. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले. आणि जे जखमी होते त्यांस जखम पाहून, दर असामीस पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले. जखम पाहून, हे शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतात. अफझलखानासारख्या शत्रूचा पाडाव झालेला, सारा मुलूख विजयाने दुमदुमलेला, पुढची मोहीम डोळ्यांपुढे उभी, आणि अशा वेळी कोणी तरी एकेका शिपायाची जखम पाहतो आहे, तिची खोली मोजतो आहे, आणि कागदावर रक्कम मांडतो आहे. पुढे पेशवाईच्या दप्तरांतही कामास आलेल्या शिलेदार-बारगिरांच्या लेकरांसाठी बालपरवेशी म्हणून नेमणुका आढळतात. ही दया नव्हती. जो मनुष्य धन्याच्या कामी पडला, त्याच्या चुलीचा भार धन्याकडे येतो, ही त्या काळच्या व्यवहाराची मान्य अट होती, आणि ती अट राज्यकर्ता किती इमानाने पाळतो यावरून शिपाई त्याचे मोल ठरवीत असे.

मग परकी राज्य आले, आणि मराठी शिपाई असा समुद्रापलीकडे गेला, की तो कोठे पडला हे घरच्यांना नकाशावर दाखविताही येऊ नये. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय माणसे निरनिराळ्या आघाड्यांवर पाठविली गेली आणि सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. आजही त्या गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, आणि ज्या घरातून कोणी फौजेत गेलेले नाही असे घर तेथे शोधावे लागते. युद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांतून संगमरवरी फलक बसविले, त्यांवर मजकूर ठरावीक: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. ज्या गावात सर्वजण एकमेकांना बापजाद्यांपासून ओळखत होते, तेथील वेशीवर माणसांच्या जागी संख्या लागली.

पण त्याहून कठोर गोष्ट इराकमध्ये घडली. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत तैग्रिसच्या काठी कूत येथे त्या वेढ्यात अडकल्या. धान्य संपले, घोडे आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली, आणि धर्मभावनेमुळे ज्यांना तेही अशक्य झाले ते अशक्त होत होत गेले. अखेर शरणागती झाली, आणि जे उरले त्यांना उन्हातून, वाळवंटातून कैदेकडे चालत नेण्यात आले. त्यांतील किती तरी वाटेतच पडले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. परंतु साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता, अमुक पलटणीचे इतके, असे आकडे कोरले. मृतांच्या बाबतीत पदाचा वा वंशाचा भेद केला जाणार नाही, हे ते स्मारक उभारणाऱ्या युद्धस्मारक आयोगाचे घोषित तत्त्व होते, आणि तरीही हे झाले. २०२१ साली, म्हणजे एका शतकानंतर, त्या आयोगाने चौकशी करून ही विषमता कबूल केली आणि क्षमा मागितली. कोणा माऊलीने कोल्हापूरच्या किंवा रत्नागिरीच्या खेड्यात ज्याचे बारसे करून नाव ठेवले, कानात कुर्रर्र करून ज्याला ते नाव ऐकविले, त्याचे ते नाव एका कारकुनी निर्णयाने पुसले गेले. आणि क्षमापत्र आले तेव्हा ते घेण्यासाठी त्या घरात त्याला ओळखणारे कोणीही हयात नव्हते.

नाव कोरण्याचे मोल ज्यांना पटत नसेल, त्यांनी भीमा-कोरेगावचा स्तंभ आठवावा. तो कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर स्वतःच्या विजयाच्या गौरवार्थ उभारला; आपल्या पूर्वास्पृश्य शिपायांची थोरवी जगाला सांगावी, हा उभारणाऱ्यांचा हेतू खचितच नव्हता. पण मृतांची नावे त्यांनी दगडात कोरली, आणि त्यांत 'नाक' अखेर असलेली महार शिपायांची नावे होती. पुढे इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची फौजेतील भरती बंद केली. दापोलीसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या, छातीवर पदके आणि खिशात सनद असलेल्या महार पेन्शनरांनी त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतील अग्रणी, आणि स्वतः निवृत्त सैनिक. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे सुभेदार रामजींचे, म्हणजे एका माजी सैनिकाचेच पुत्र होते, त्या स्तंभापाशी गेले, आणि त्या नावांतून एका समाजाला त्याच्या पराक्रमाचा दाखला मिळाला. त्या लढाईच्या अर्थाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि त्यांत मी येथे पडत नाही. मला एवढेच दिसते, की आकडा कोरला असता तर हे घडले नसते. आकड्याला वारस नसतो.

स्वातंत्र्यानंतर मृतांच्या बाबतीत आपण हळूहळू हे शिकलो, असे म्हणावयास हरकत नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर, ज्याची पायाभरणी १९२१ साली आणि उद्घाटन १९३१ साली झाले, तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, पण ती साम्राज्यासाठी पडलेल्यांची. १९७२ च्या प्रजासत्ताकदिनी त्याच्या कमानीखाली अमर जवान ज्योती पेटली, तीत नाव कोणाचेच नव्हते. आपल्या स्वतःच्या युद्धांतील मृतांची नावे एकत्र कोरलेले राष्ट्रीय स्मारक दिल्लीत व्हावयास २५ फेब्रुवारी २०१९ उजाडावी लागली; पुण्याच्या घोरपडीत नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले स्मारक त्याच्या वीस वर्षे आधीचे आहे, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी. दिल्लीतील त्या स्मारकाच्या त्यागचक्राच्या भिंतींवर प्रत्येक सैनिकासाठी ग्रॅनाइटची एक स्वतंत्र वीट आहे, आणि तिच्यावर त्याचे नाव. २०२३ च्या ऑगस्टात गावोगावच्या ग्रामपंचायतींतही स्थानिक वीरांच्या नावांचे शिलाफलक लावण्यात आले. हे सर्व इष्टच झाले.

पण जो परतला त्याचे काय? त्याचे नाव विटेवर जाणार नाही, जाऊही नये. तो हयात आहे. त्याचा सन्मान दगडात करता येत नाही, तो व्यवहारातच करावा लागतो, आणि म्हणूनच तो अधिक अवघड आहे. अमेरिकनांनी या बाबतीत एक विवेक दाखविला, तो घेण्याजोगा आहे. मे महिन्यातील स्मृतिदिन त्यांनी मृतांसाठी ठेवला, आणि पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा ११ नोव्हेंबर हा दिवस १९५४ साली सर्व माजी सैनिकांना, हयात असलेल्यांना, अर्पण केला. पुढे सलग सुट्टी साधावी म्हणून कायद्याने तो दिवस ऑक्टोबरातील एका सोमवारी नेला. लोकांना ते रुचले नाही, आणि १९७८ पासून तो पुन्हा ११ नोव्हेंबरला आणावा लागला.

आपल्या येथील शिपाई सतराव्या-अठराव्या वर्षी भरती होतो आणि बहुधा पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो, कारण फौज तरुण राहिली पाहिजे. म्हणजे ज्या वयात इतरांचा संसार उभा राहतो, मुले शाळेत असतात, त्या वयात राष्ट्राच्या सोयीसाठी त्याची नोकरी संपते. त्याचे निवृत्तिवेतन म्हणजे म्हातारपणाची बेगमी नव्हे. तो त्या मुदतपूर्व निवृत्तीचा मोबदला आहे. १९७३ साली तिसऱ्या वेतन आयोगानंतर त्या वेतनाचे प्रमाण खाली आले, आणि समान पदाला समान निवृत्तिवेतन मिळावे ही मागणी पुढे चार दशके चालली. तिचा निकाल लागावयाच्या आधी, २०१५ च्या १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसलेल्या पदकधारी वृद्ध सैनिकांना सुरक्षिततेच्या कारणास्तव हटविण्यासाठी पोलीस आले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबरला, योजना जाहीर झाली. सरकारने अखेर मागणी मान्य केली, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पण त्या वृद्धांशी पोलिसांची झालेली झोंबाझोंबी पाहून मला जी शरम वाटली, ती योजनेच्या घोषणेने गेली नाही.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची कथा याहून दीर्घ आहे. भरतीच्या वेळी धडधाकट नोंदलेला मनुष्य सेवेत असता आजारी पडला, तर तो आजार सेवेमुळेच उद्भवला असे धरावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. तरीही न्यायाधिकरणापुढे जिंकलेल्या सैनिकाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपील करण्याची खात्याची प्रवृत्ती थांबली नाही. सभासदाच्या बखरीतील तो धनी जखम पाहून होन देत होता. आमच्या कचेऱ्या जखम पाहून हरकत नोंदवितात.

येथे दोन आक्षेप येतात, आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. एक, की सैनिकाचे असे दिवस साजरे केल्याने युद्धाचा गौरव होतो आणि समाज उन्मादाकडे झुकतो. ज्या महाराष्ट्राने विनोबांसारखा मनुष्य निर्माण केला, तेथे हा आक्षेप हलक्याने उडविता येणार नाही. विजयाच्या सोहळ्यांना तो काही अंशी लागूही पडतो. पण ज्याने युद्ध पाहिले त्याच्यापाशी बसून पाहावे. आबांना मी वर्षानुवर्षे ओळखतो. जमालपूरच्या शौर्याची कथा त्यांनी मला कधी सांगितली नाही. सांगितले ते एवढेच, की सकाळी उजाडल्यावर रस्त्यावर समोरच्या पलटणीतील पोरे पडली होती, त्यांतील एकाच्या हाती बुटाचा बंद तसाच धरलेला होता, आणि "त्याचंबी कोण तरी वाट बघत असंल" हे मनातून जाता जात नाही. युद्धाविषयी उन्माद ज्यांच्या मनात असतो ते बहुधा युद्धापासून फार दूर राहिलेले असतात. माजी सैनिकाला गावाच्या मध्यभागी आणून बसविणे, त्याचे बोलणे तरुणांनी ऐकणे, हा उन्मादावरील उतारा आहे.

दुसरा आक्षेप समतेचा आहे: शेतकरी राबतो, गटार उपसणारा कामगार विषारी वायूने मरतो, परिचारिका साथीत जीव धोक्यात घालते, मग सैनिकालाच वेगळा दिवस का? या सर्वांचे ऋण आपल्यावर आहे, आणि गटारात मरणाऱ्याचे ऋण तर लज्जास्पद ऋण आहे. पण सैनिकाच्या करारात एक कलम असे आहे, जे दुसऱ्या कोणाच्या करारात नाही: आज्ञा झाली असता मरावयाचे, आणि आज्ञा नाकारता यावयाची नाही. ज्या धन्याने असा करार करून घेतला, त्या धन्याचे, म्हणजे तुमचे-माझे, कर्तव्यही त्या प्रमाणात वेगळे होते. सन्मानाचा दिवस हा त्या कराराच्या दुसऱ्या बाजूची आठवण आहे.

आणि हा करार आता बदलतो आहे, म्हणून ही आठवण अधिकच निकडीची झाली आहे. २०२२ पासून अग्निवीर म्हणून जी मुले भरती होत आहेत, त्यांची मुदत चार वर्षांची. त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतील, उरलेली एक ठोक रक्कम घेऊन घरी येतील, आणि नियमांनुसार त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकांची आरोग्ययोजना नाही, किंबहुना माजी सैनिक हा दर्जाही नाही. फौजेच्या गरजांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार तज्ज्ञांचा आहे, हे मी मान्य करतो. पण लडाखच्या थंडीत किंवा काश्मीरच्या जंगलात चार वर्षे बंदूक धरून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा गावात परतेल, तेव्हा १४ जानेवारीला त्याला खुर्ची द्यावयाची की नाही, हा प्रश्न तज्ज्ञांचा नव्हे, गावाचा आहे. माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: ज्याने गणवेष चढविला आणि शपथ घेतली, तो त्या दिवसाचा मानकरी आहे; दर्जा कचेरीने द्यावा वा न द्यावा.

मग हा दिवस कसा पाळावा? व्यासपीठ, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे भाषण, आणि उन्हात तासभर ताटकळत ठेवलेल्या वीरपत्नी, हे सर्व आपण पुष्कळ केले आहे. त्याऐवजी मला असे वाटते, की त्या दिवशी कचेरीनेच उठून गावी यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच, त्याच्या मंडळाचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. तहसीलदार, तलाठी, बँकेचा माणूस आणि त्या कार्यालयाचा प्रतिनिधी यांनी चावडीत बसावे, ज्याचे पेन्शन अडले आहे, ज्याच्या विधवेचे नाव कागदात चुकले आहे, ज्याच्या जमिनीची मोजणी रखडली आहे, ज्याचा अंगठा यंत्राला वाचता येत नाही, त्याचे प्रकरण तेथेच समोर घ्यावे, आणि मागील वर्षी घेतलेल्यांचे काय झाले ते वाचून दाखवावे. गावातील फौजी सेवेची एक वही ग्रामपंचायतीत असावी, तीत गेलेला आणि परतलेला प्रत्येक जण नाव, पलटण आणि सालासह लिहिलेला असावा, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली जावी. याला नवा कायदा लागत नाही आणि खर्चही फारसा नाही.

तारीख संक्रांतीवर येते, ही अडचण म्हणून सांगितली जाते. मला ती सोय वाटते. त्या दिवशी आपण एरवीही घरोघर जातोच, वडीलधाऱ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून नमस्कार करतोच. येत्या संक्रांतीला वाचकांनी मुलांना सोबत घेऊन आपल्या गल्लीतल्या, वाडीतल्या माजी सैनिकाच्या घरी जावे, थोडा वेळ बसावे, त्याचे कोणते काम अडले आहे ते विचारावे, आणि त्याच्याबरोबरचे जे परत आले नाहीत त्यांची नावे त्याला विचारावीत. आबांनी मला त्यांच्या तुकडीतील नावे सांगितली, एकेक आठवून, मधे बराच वेळ थांबून. ती मी वहीत लिहून घेतली आहेत. आपल्या गावातील नावे आपण लिहून घ्यावीत, सांगणारे हयात आहेत तोवर.